झाकली मूठ आणि वल्हं

सुरुवातीलाच एक कबुली देऊन टाकते. मी कॉन्व्हेंटवाली. म्हणजे कोणी 'एकोणसत्तर' म्हटलं की मनातल्या मनात दोनदा मोजून बघणारी! मराठी विभागासाठी लेख दे असं संपादक मंडळाने सांगितलं, तेव्हा 'सबमिशन आहे, वेळ नाही' असं मी बिनधास्त ठोकून दिलं. खरं कारण वेगळंच होतं. ऱ्हस्व-दीर्घाची भीती! चुका झाल्या तर लोक हसतील ही भीती. जे येत नाही ते 'येत नाही' असं सरळ न सांगता भलतंच कारण पुढे करायचं, ही माझी जुनी खोड. या खोडीपायी मागच्या वर्षी मी नदीत बुडता बुडता वाचले. म्हणून हा लेख रोइंगवर आहे आणि या खोडीवरही.

दुसऱ्या वर्षाच्या सुरुवातीला बोट क्लबमध्ये नाव नोंदवायला गेले. एक फॉर्म होता. नाव, ब्रँच, हॉस्टेलचा रूम नंबर, रक्तगट, उंची, वजन आणि सगळ्यात शेवटी एक प्रश्न : 'पोहता येते का? हो / नाही.'

मी 'हो'वर टिक केली.

आता माझं गाव लातूर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, ते हेच लातूर. मी तेव्हा पाचवीत होते. पाणी म्हणजे टँकरचा हॉर्न, घागरी, ड्रम आणि आईची 'सांडू नकोस गं' ही हाक. पोहायला शिकावं हे आमच्या घरात कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मग 'हो' का? तर रांगेत माझ्या पुढे माझी रूममेट होती. ती मालवणची. तिने न बघता टिक केली. मागे पाच-सहाजण उभे होते. सगळ्यांसमोर 'नाही' लिहायची लाज वाटली. बस्स, एवढंच कारण!

शाळेत मी कायम पहिल्या बाकावर. 'आय नो, मिस!' म्हणून हात वर करणारी. येत असेल तर हात वर करायचा, हे चांगलं अंगवळणी पडलं होतं. येत नसेल तेव्हाही हात वर करायचा असतो, हे मात्र मी कधीच शिकले नाही.

असो. पहिले पंधरा दिवस नदीचं दर्शनसुद्धा नाही. रोइंगचं मशीन असतं, त्याला सगळे 'एर्गो' म्हणतात, त्यावर घाम गाळायचा. एर्गोच्या पंख्याच्या बाजूला एक ते दहा आकड्यांची खिटी असते. मी पहिल्याच दिवशी ती दहावर नेली. (दाखवायचं ना, की आपण काही कमी नाही!) पाच मिनिटांत दंड भरून आले आणि कंबर बोलू लागली. सीनियर ताईने येऊन खिटी चारवर आणली. ती खिटी म्हणजे जिममधलं वजन नव्हे. पंख्यात किती हवा शिरू द्यायची, एवढंच ती ठरवते. दहावर ठेवली की जड, संथ होडी वल्हवल्यासारखं वाटतं. चारवरसुद्धा तुम्ही जितका जोर लावाल तितकाच तो पंखा उलट लावतो. नवशिक्याने तीन ते पाचच्या मध्ये राहावं, हे शहाणपण.

दुसरा गैरसमज म्हणजे वल्हं हातांनी मारायचं असतं! साफ चूक. बोटीत बसायची पाटी चाकांवर असते, ती रुळांवरून पुढे-मागे सरकते. पाय फळीवर ठोकलेल्या बुटांत अडकवलेले असतात. गुडघे पोटाशी घेऊन पुढे सरकायचं, वल्ह्याचं पातं पाण्यात टाकायचं आणि मग पायांनी फळी ढकलायची. पाय सरळ होत आले की कंबर मागे, आणि शेवटी हात छातीकडे. परत जाताना बरोबर उलटं : आधी हात, मग कंबर, मग पाय. 'पाय-कंबर-हात, हात-कंबर-पाय' हा जप मी मेसच्या रांगेतही करत असे. नवशिक्यांची ठरलेली चूक म्हणजे बूड सरकून मागे जातं आणि हात तिथेच राहतात. पायांचा सगळा जोर वाया!

आणि इंजिनियर मंडळींनो, खरी गंमत पुढेच आहे. बोटीचा वेग सगळ्यात जास्त कधी असतो? वल्हं ओढताना? नाही! वल्ही पाण्याबाहेर असताना, आपण पुढच्या फेरीसाठी सरकत असताना. रोअर बोटीच्या मागच्या टोकाकडे तोंड करून बसतो आणि परतताना त्याच टोकाकडे सरकतो. त्याचं वजन मागे जातं, म्हणून हलकी बोट त्याच्याखालून पुढे पळते. मोमेंटम कॉन्झर्व्हेशन, पहिल्या वर्षाचं! पण घाई करून धाडकन सरकलात, तर टोकाला थांबताना तेच पाय फळीला लाथ मारतात आणि पळती बोट अडखळते. शिवाय पाण्याचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो आणि लागणारी पॉवर घनाच्या. म्हणजे वेग दुप्पट करायला ताकद आठपट. एवढी ताकद आणायची कुठून? म्हणून ढकलताना जोर आणि परतताना सबुरी. मला ही सबुरी सगळ्यात उशिरा जमली.

पंधरा दिवसांनी बोटी मिळाल्या. 'नाही'वर टिक केलेल्यांना लाइफ जॅकेट आणि रुंद तळाची बोट, कितीही धडपडा, उलटत नाही अशी. 'हो'वाल्यांना आठवड्याभरातच डबल स्कल, म्हणजे दोघींची, प्रत्येकीला दोन वल्ही असलेली अरुंद बोट. या स्कल बोटी बघितल्या नसतील तर एकदा येऊन बघाच. एकट्याची सिंगल स्कल आठ मीटरच्या आसपास लांब असते आणि शर्यतीच्या नियमाप्रमाणे तिचं वजन कमीत कमी चौदा किलो. म्हणजे घरच्या गॅसच्या रिकाम्या सिलिंडरपेक्षाही कमी! रुंदी बसणाऱ्याच्या कमरेएवढी. ती उभी राहते ती फक्त दोन्ही बाजूंना पसरलेल्या वल्ह्यांवर. डोंबारी दोरीवरून चालताना हातात आडवी काठी धरतो ना, तसं. म्हणून पहिला नियम : काही झालं तरी वल्ह्याची मूठ सोडायची नाही.

पातं पाण्यात तिरकं घुसलं की पाणी ते धरून ठेवतं आणि मूठ उलटी येऊन बरगडीवर बसते. याला रोइंगच्या भाषेत 'क्रॅब पकडणे' म्हणतात. पहिल्या आठवड्यात मी इतके क्रॅब पकडले की रूममेट म्हणाली, "आमच्याकडे खेकडे धरूक एवढी महाग होडी नाय लागणा!"

आणि मग तो दिवस आला. नोव्हेंबरची सकाळ, नदीवर धुकं. आम्ही दोघी वळण घेऊन जेटीकडे परतत होतो. काठावर माझी वर्गातली मैत्रीण दिसली. मी काय केलं असेल? मूठ सोडून हात हलवला! एक क्षण. पातं फिरलं, बोट कलली आणि आम्ही दोघी पाण्यात.

नाकातोंडात पाणी जाणे हा वाक्प्रचार शाळेत वाक्यात उपयोग करून लिहिला होता. त्याचा अर्थ त्या दिवशी कळला. वर-खाली काही समजेना. बरं झालं, निघण्याआधी बुटांच्या टाचांच्या दोऱ्या तपासल्या होत्या. त्या दोऱ्यांमुळे बुटाची टाच फळीलाच अडकून राहते आणि बोट उलटली तरी पाय ओढून बाहेर काढता येतो. पाय निघाले. डोकं वर आलं. आणि मालवणी आवाज कानावर पडला, "बोट सोडू नको गो! बोट धर!"

हा दुसरा नियम. स्कल उलटली तरी तरंगते. तिला धरून राहायचं, काठाकडे पोहत सुटायचं नाही. मला तर पोहत सुटायचा प्रश्नच नव्हता! मी बोटीला जी मिठी मारली... रूममेटला काठ सहज गाठता आला असता. पण माझं तोंड बघून तिला सगळं कळलं. ती माझ्या टी-शर्टची कॉलर धरून तिथेच राहिली. तीन-चार मिनिटांत बोटी सांभाळणारे मामा पंट घेऊन आले. त्या तीन-चार मिनिटांत माझं एक अख्खं सेमिस्टर संपलं.

जेटीवर मामांनी टॉवेल दिला. मग हळूच विचारलं, "काय गं पोरी, पोहता येतंय ना तुला?"

"नाही, मामा."

मला वाटलं आता ओरडणार. ते ओरडले नाहीत. बोट उलटी करून पाणी काढता काढता एवढंच म्हणाले, "फॉर्म मी वाचतो बाळा, नदी वाचत नाही. तू 'नाही' लिहिलं असतंस, तर आज मी पंट घेऊन तुझ्या मागंच असतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. आपल्याला वाटतं, 'येत नाही' म्हटलं की आपली किंमत कमी होते. झाकली मूठ सव्वा लाखाची! पण झालं काय? 'नाही' म्हणणाऱ्यांच्या अंगात जॅकेट होतं आणि मागे मामा होते. मी 'हो' म्हणून ही सगळी मदत स्वतःच्या हाताने परत केली होती. एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक होतं. पण माझ्या खोट्या टिकने माझ्यामागे बसलेल्या मुलीचाही जीव टांगणीला लावला, आणि तिला कोणी विचारलंही नव्हतं.

त्याच दिवशी फॉर्म दुरुस्त केला. बोट बंद, आधी पोहणं. शहरातल्या तलावावर नवशिक्यांच्या बॅचमध्ये मी आणि सहा-सात वर्षांची चिल्लीपिल्ली. पहिल्या दिवशी एक पिटुकला म्हणाला, "ताई, तू एवढी मोठी आणि तुला येत नाही?" मी म्हटलं, "नाही येत." आयुष्यात पहिल्यांदा हे दोन शब्द मोठ्याने उच्चारले. काही झालं नाही. आभाळ कोसळलं नाही. तो म्हणाला, "सोप्पंय, आधी बुडबुडे काढायचे," आणि त्याने काढून दाखवले. त्या दिवसाचा माझा गुरू तोच. सकाळी बॅच, रविवारी रूममेटची शिकवणी. दोन महिन्यांत तरंगणं, पाय मारणं आणि तलावाची एक लांबी, एवढं जमलं. बदल्यात मी तिच्या सेमिनारची तयारी करून घेतली. तिला बेअरिंग्जबद्दल माझ्यापेक्षा दुप्पट माहिती होती, पण इंग्रजीत चार माणसांपुढे उभं राहायचं म्हणजे तिची बोट उलटायची. तिला माझी भाषा येत नव्हती आणि मला तिचं पाणी. दोघीही वर्षभर एका खोलीत राहून एकमेकींना हे बोललो नव्हतो!

आता मुद्द्यावर येते. हे फक्त नदीवर होतं का? लेक्चर संपताना 'एनी डाऊट्स?' असं विचारलं जातं. साठ माना खाली. मराठी माध्यमातली मुलं गप्प, कारण इंग्रजी चुकेल. आम्ही कॉन्व्हेंटवाले गप्प, कारण हुशार म्हणून झालेलं नाव जाईल. झाकलेल्या साठ मुठी. निकालाच्या दिवशी त्यातल्या कितीतरी केटी घेऊन उघडतात.

कोणी म्हणेल, एवढा बाऊ कशाला? पाण्यात पडल्याशिवाय पोहता येत नाही, थोडं धाडस हवंच. मान्य! पण ती म्हण काठावर बसून राहणाऱ्यासाठी आहे. आपल्याला पोहता येतं असं सांगून पाण्यात पडणाऱ्यासाठी नाही. धाडस आणि थाप यांत फरक आहे. हेलन ग्लोव्हर या ब्रिटिश रोअरची गोष्ट वाचली होती. उंच खेळाडू शोधण्याच्या एका मोहिमेतून तिची २००८ मध्ये रोइंगशी ओळख झाली. उंची थोडी कमी पडत होती, तर मोजमापाच्या वेळी ती चवड्यांवर उभी राहिली. चार वर्षांनी, २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये, तिने हीदर स्टॅनिंगबरोबर सुवर्णपदक जिंकलं. आधी मला वाटलं, बघा, हिनेही थापच मारली की! पण उंचीत इंचभर कमी-जास्त झालं म्हणून कोणी बुडत नाही. आणि रोइंग येत असल्याचा आव तिने आणलाच नव्हता. ती शिकायलाच आली होती.

आपल्या मातीतलं उदाहरण तर याहून मोठं. दत्तू भोकनळ. चांदवड तालुक्यातलं तळेगाव रोही हे दुष्काळी गाव. वडिलांबरोबर विहिरी खोदणारा मुलगा २०१२ मध्ये सैन्यात भरती झाला आणि वल्हं हातात धरलं ते तिथे, विशी ओलांडल्यावर. २०१६ च्या रिओ ऑलिम्पिकमध्ये सिंगल स्कलमध्ये तो तेरावा आला आणि २०१८ च्या आशियाई स्पर्धेत चौघांच्या क्वाड्रुपल स्कल संघातून त्याने सुवर्ण मिळवलं. ज्या एप्रिलमध्ये आमच्या गावात पाण्याची रेल्वे आली, त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तसल्याच दुष्काळी गावातला माणूस ऑलिम्पिकच्या पाण्यावर होता. विशी ओलांडून 'अ आ इ'पासून सुरुवात करायला तो लाजला असता तर?

रोइंग हा अशा थोड्या खेळांपैकी आहे, जिथे आपल्या वयात सुरुवात करूनही खूप पुढे जाता येतं. म्हणून हॉस्टेलमधल्या सगळ्यांना सांगते, 'आता काय शिकणार' म्हणू नका. या! पहाटे उठायची तयारी ठेवा. ढगळे कपडे घालू नका, ते पाटीच्या चाकांत अडकतात. नखं कापून या. तळहाताला फोड येतील, ते फोडू नका, साबणाने हात धुवा. नदीचं पाणी तोंडात जाऊ देऊ नका आणि परत आल्यावर आंघोळ कराच. आणि पोहता येत नसेल तर तसं लिहा.

सीनियर मंडळींना एक विनंती. समोरचा 'येत नाही' म्हणाला की हसू नका. तुमच्या एका हसण्याने मागच्या दहाजणांची टिक बदलते. क्लबच्या सेक्रेटरीला मी दोन गोष्टी सुचवल्या होत्या. एक, फॉर्मवर 'हो / नाही' नको. त्याऐवजी 'चांगलं येतं / थोडं येतं / शिकायचं आहे'. 'नाही' म्हटलं की दार बंद झाल्यासारखं वाटतं, 'शिकायचं आहे' म्हटलं की उघडतं. दुसरी, टिक कोणतीही असो, तलावात पोहून दाखवल्याशिवाय कोणालाही स्कल द्यायची नाही. मालवणच्या मुलीलासुद्धा! यंदा दोन्ही गोष्टी झाल्या. फर्स्ट इयरची एक मुलगी माझ्यासमोर फॉर्म भरत होती. शेवटच्या प्रश्नापाशी पेन थांबलं. तिने इकडेतिकडे बघितलं आणि तिसऱ्या चौकटीत टिक केली. आता ती माझ्याबरोबर रविवारी तलावावर येते.

आणि सर, मॅडम, तुम्हालाही एक नम्र विनंती. 'एनी डाऊट्स?'ऐवजी कधीतरी 'आज कुठलं एक कळलं नाही ते चिठ्ठीवर लिहून द्या, नाव नको, मराठीत लिहिलं तरी चालेल' असं म्हणून बघा. पहिल्या दिवशी किती चिठ्ठ्या येतात ते बघून तुम्हीच चकित व्हाल. निदान माझी तरी एक असेलच, थर्मोची!

आज माझा तळहात बघाल तर चार घट्टे आहेत. झाकून ठेवावी अशी ती मूठ नाही.

ता.क. : हा लेख छापायला देण्याआधी रूममेटने तपासला. ऱ्हस्व-दीर्घाच्या एकेचाळीस चुका निघाल्या. हो, मीच तिला म्हटलं होतं, "मला येत नाही, बघून दे."

– एक नवशिकी
तृतीय वर्ष, यंत्र अभियांत्रिकी